डॉक्टर येईपर्यंत

दिवाळीच्या दिवसांत दुखण्याखुपण्याच्या गोष्टी काढू नयेत, असा आमच्या घरी दंडक होता. परंतु चकल्या आणि अनारसे पोटाला बाधतात ते याच दिवसांत, आणि डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप दिसते तेही याच दिवसांत. तेव्हा हा विषय दिवाळी अंकात अगदीच अस्थानी ठरू नये.

आपल्या पांढरपेशा घरांत आजारपण म्हणजे डॉक्टर, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की, त्या दोहोंच्या मध्ये आणखी कोणी असू शकते याची आठवणच राहत नाही. वास्तविक ज्यांचे बालपण जुन्या दवाखान्यांच्या बाकांवर ताटकळण्यात गेले, त्यांना डॉक्टरांच्या आधी भेटे तो कंपाउंडर. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कानावर पेन्सिल आणि मागे फळीवर लाल-गुलाबी मिक्श्चरच्या बरण्या. घरून नेलेली बाटली तो विसळी, औषध भरी आणि डोसांच्या खुणांसाठी कात्रीने कातरलेली कागदी पट्टी बाटलीला डकवी. बाकावरच्या गर्दीतून कोणाला नंबर सोडून आधी आत पाठवायचे, हे तो नुसत्या चेहऱ्याकडे पाहून ठरवीत असे. "या बाईंना जाऊ द्या, तुमचा खोकला काही पळून जात नाही," हे त्याचे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे. त्याला वैद्यकातले किती कळत होते, देव जाणे. पण थांबू शकणारे दुखणे कोणते आणि न थांबणारे कोणते, एवढे त्याला नक्की कळे. ती विद्या लहान नव्हे.

आमच्या आजोळी त्या रात्री ती कोणाजवळच नव्हती.

१९५९ सालचा मे महिना. कोकणातले खाडीकाठचे गाव. मी नऊ वर्षांचा आणि धाकटा भाऊ दीड वर्षाचा. फणसाचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेले. सकाळपासून त्याला जुलाब लागले, दुपारी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर तालुक्याच्या गावी, म्हणजे खाडीच्या पलीकडे, आणि संध्याकाळनंतर तर बंद. मामा पहाटेच्या पहिल्या तरीने जाऊन डॉक्टरांना घेऊन येणार, असे ठरले. तोवर मुलाला काही देऊ नये, विशेषतः पाणी तर मुळीच नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचे एकमताने म्हणणे पडले. प्यायलेले सारे खालून जाते आहे. तेव्हा वरून घालणे बंद केले की खालचे थांबेल, असा तो हिशेब होता. तर्काला तर्क बरोबर होता. त्या काळी पुष्कळ शिकलेली माणसेही हेच सांगत.

आई त्याला मांडीवर घेऊन बसली होती. तो जीभ ओठांवरून फिरवीत होता आणि "मम्" म्हणत होता. पाण्याला तो मम् म्हणे. माझ्याकडे काम दिले होते ते उशाजवळचा पाण्याचा तांब्या सांभाळण्याचे. आईचे मन द्रवेल आणि ती दोन घोट पाजील, म्हणून तांब्या तिच्या हाताला लागू द्यायचा नव्हता. मी आज्ञाधारक मुलगा होतो. मध्यरात्रीनंतर त्याचे रडणे थांबले, तेव्हा सगळ्यांना वाटले, उतार पडला. सकाळी आठच्या सुमाराला डॉक्टर आले. त्यांनी मुलाचे डोळे उघडून पाहिले आणि बॅग न उघडताच हात धुवायला पाणी मागितले.

तो तांब्या मीच त्यांच्या हातावर ओतला.

ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. पुढे कित्येक वर्षांनी, बनगावची हकीगत वाचनात आली तेव्हा ती रात्र मला अक्षरशः पुन्हा भोगावी लागली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. दवाखान्यात खाटा पुरेनात, माणसे जमिनीवर पडलेली, आणि शिरेतून द्यायचे सलाइन बघता बघता संपत आले. तिथे दिलीप महालनबीस नावाचे तरुण बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. त्यांनी साखर (म्हणजे ग्लुकोज), मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या कलकत्त्यात बांधून घेतल्या, पिंपांत पाणी भरून त्यात हे मिश्रण कालवले, पिंपाला तोटी बसवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले: भरून न्या आणि पाजत राहा. सुई नाही, नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच. आई मुलाला पाजते, मुलगा बापाला पाजतो. जिथे शेकडा तीसच्या आसपास माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले.

यामागचे शास्त्र त्याआधी काही वर्षे प्रयोगशाळांतून उलगडत आले होते. जुलाबाने आतडे बिघडले तरी साखर शोषून घेण्याची त्याची शक्ती शाबूत राहते. साखर आत जाताना मिठाला हात धरून बरोबर नेते आणि मिठाच्या पाठोपाठ पाणी जाते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिल्याने हे तितके साधत नाही. आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात त्या रात्री साखरेचा डबा होता, मिठाची बरणी होती, विहीर भरलेली होती. नव्हते ते एवढे ज्ञान. पण ते तेव्हा जगातच कोणाजवळ पुरतेपणी नव्हते, हे मी स्वतःला पुष्कळदा समजावतो. महालनबीस २०२२ साली वारले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. कालवलेल्या मीठ-साखरेच्या पाण्याला पद्मविभूषण मिळाले म्हणून त्या दिवशी आमच्या घरी मी श्रीखंड आणले होते. का, ते कोणाला सांगितले नाही.

डॉक्टरांच्या आधी कोणी तरी हाताशी असावे, ही गरज आपल्या महाराष्ट्राने फार चांगली ओळखली, आणि तेही सरकारने ओळखण्यापूर्वी. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले जोडपे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९७० साली त्यांनी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) जामखेड या दुष्काळी तालुक्यात बस्तान मांडले. त्यांनी आरंभी केले ते कोणीही केले असते: शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवल्या. पण परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी, तिची भाषा शहरी, तिच्याजवळ कोण आपले गुपित बोलणार? तेव्हा त्यांनी उलटे केले. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडून द्यावी, मग ती निरक्षर का असेना. तिला आम्ही शिकवू. निवडून आलेल्यांत पुष्कळ जणी दलित समाजातल्या होत्या, कित्येकींनी घरधन्याच्या परवानगीवाचून उंबरा ओलांडलेला नव्हता. त्या जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि शिकत. बाळंतपणात हात कसे धुवायचे, नाळ कशाने कापायची, मुलाचे वजन का घटते, जुलाबाला काय पाजायचे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा.

तिथे १९७१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांत १७६ मुले वर्षाच्या आत जात होती. पाच वर्षांनी तो आकडा ५२ वर आला. यात डॉक्टरांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? जामखेडचे रुग्णालय पाठीशी होते म्हणूनच खेड्यातली ती बाई "हे माझ्या हातचे नाही, आत्ताच्या आत्ता बैलगाडी जुंपा" असे ठामपणे सांगू शकत होती. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे नाव गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथे काम करीत आहेत. त्यांच्या कामाविषयी मराठी वाचकांना पुष्कळ माहीत आहे, तेव्हा सगळे सांगत बसत नाही. एकच वस्तू सांगतो, कारण ती मला विलक्षण वाटते. लहान मुलांच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त वेळा चालला की धोका समजायचा. हे मोजायला स्टेथस्कोप लागत नाही, पण पन्नासपर्यंत आकडे मोजता यावे लागतात, आणि गावातल्या सुइणींना ते येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकला, तर मुलाला न्यूमोनिया आहे आणि औषध सुरू करायचे. ज्या बाईला आकडे येत नाहीत ती न्यूमोनियाचे निदान करते! पुढे १९९५ नंतर ३९ गावांतल्या स्त्रियांना त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ते उबेत ठेवणे, श्वास कोंडला तर काय करावे, आणि जंतुदोष झाला तर औषधाची सुई टोचणे हेसुद्धा. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे सारे १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मान्यवर वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा सुई खेड्यातल्या बाईच्या हाती दिली म्हणून नाके मुरडणाऱ्यांना उत्तर मिळाले.

पुढे देशभर 'आशा' आल्या, त्या अशा प्रयोगांच्या पायवाटेवरून. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा गावोगाव आशा नेमल्या. शहरी अभियान २०१३ साली आले आणि शहरांच्या वस्त्यांतही त्या दिसू लागल्या. आज देशात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. आपल्या घरी सख्खी नणंदसुद्धा इतक्यांदा फिरकत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव झाला; पगार मात्र अजून नाही. त्यांना 'स्वयंसेविका' म्हणतात आणि कामागणिक मोबदला देतात. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, त्या बातम्या आपण चहाबरोबर वाचल्या आणि पान उलटले. हे मला बरे वाटले नाही, एवढे इथे नमूद करतो.

आता आपल्या शहरी घरांकडे वळू. डॉक्टरांच्या आधी आपल्याला कोण भेटते? खरे सांगायचे तर, कोपऱ्यावरचा औषधवाला. "परवाच्याच गोळ्या द्या हो, घसा धरलाय," असे म्हणत आपण दहाची नोट पुढे करायचो. आता मोबाइल पुढे करतो, एवढाच फरक. ज्या औषधाच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा कायदा आहे. काही जंतुनाशके आणि क्षयाची औषधे तर २०१४ पासून दुकानदाराला वेगळ्या वहीत रोग्याचे आणि डॉक्टरांचे नाव लिहूनच द्यावी लागतात. तरीही तीन गोळ्या घेऊन, बरे वाटताच चौथी ड्रॉवरमध्ये टाकणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. अर्धवट मारलेले जंतू शहाणे होऊन परत येतात, आणि मग खरोखरीच्या आजारात तेच औषध लागू पडत नाही.

औषधवाला वाईट, असा याचा अर्थ कोणी करू नये. इंग्लंडमध्ये ज्यांची मुले-बाळे आहेत त्यांनी ऐकले असेल की, तिथे जानेवारी २०२४ अखेरपासून सात किरकोळ दुखण्यांसाठी थेट औषधाच्या दुकानात जाता येते. घसा दुखणे, कान दुखणे, कीटकदंश चिघळणे, नागीण, स्त्रियांना लघवीच्या जागी होणारा साधा दाह वगैरे. दुकानातला शिकलेला फार्मासिस्ट रोग्याला बाजूच्या खोलीत नेऊन विचारपूस करतो, ठरलेल्या नियमांनी औषध देतो आणि नियमात बसत नसेल तर डॉक्टरांकडे धाडतो. तिथे डॉक्टरांची भेट मिळायला दिवसच्या दिवस लागू लागले, म्हणून हा मार्ग काढावा लागला. आपल्याकडे अजून असा नियम नाही, पण फार्मासिस्टला दोन प्रश्न विचारायला कोणी बंदी केलेली नाही. हे औषध जेवणाआधी की नंतर? माझ्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालेल का? आपण ते विचारीत नाही. आपण फक्त किंमत विचारतो.

काही दरवाजे तर उघडे असूनही आपल्याला दिसत नाहीत. दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी किंवा महापालिकेच्या केंद्रात जाऊन थुंकी तपासून घेता येते, पैसे पडत नाहीत. मुलांच्या लसी तिथे फुकट मिळतात. मन फार खचले, झोप उडाली, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलायला माणूस मिळतो. ही सोय २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे आणि मराठीत बोलता येते. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून धावते. छातीत कळ आली की आधी फॅमिली डॉक्टरांना घरी बोलावून नाडी दाखवण्यात जी घटका जाते, तीच नेमकी मोलाची असते. कुत्रे चावले तर कोणाची वाट न पाहता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस टोचायला जायचे. पाळलेले कुत्रे आहे, काही होत नाही, हे ऐकत बसायचे नाही. हा रोग एकदा उमटला की त्याला जवळजवळ औषध नाही.

आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात एक आशा आली. निळसर साडी, खांद्याला पिशवी, चपला चिखलाने भरलेल्या. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी जलसंजीवनीच्या पुड्या वाटतात, त्यासाठी. रखवालदाराने तिला फाटकावरच अडवले. विक्रेत्यांना आत सोडायचे नाही, असा आमच्या कमिटीचा ठराव आहे. मी फिरून परत येत होतो, म्हणून कळले. तिला वर घेऊन आलो. सूनबाई म्हणाली, "अहो बाबा, आपल्याकडे डॉक्टर आहेत की बाळाचे." पण नको कसे म्हणायचे म्हणून तिने दोन पुड्या आणि जस्ताच्या गोळ्यांचे पाकीट घेतले. त्या बाईने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. पुडी फोडली की पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची, अर्धी अर्धी नाही. कालवलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचे. गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस. "पुडी नसेल तर लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर नि सपाट अर्धा चमचा मीठ, ताई. मीठ जास्त नाही घालायचं. आणि पाजताना उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, परत चमच्या-चमच्यानं सुरू. डोळे खोल गेले, लघवी होईना, पिणंच सोडलं, नाहीतर शौचातून रक्त आलं, तर मात्र घरी थांबू नका." तिने चहा घेतला नाही, अजून तीन इमारती राहिल्या होत्या.

त्यानंतर महिन्याभराने, शनिवारी रात्री नातवाला लागले. तोही दीड वर्षाचा. अकरापर्यंत पाच वेळा झाले, दोनदा उलटी. मुलगा मोबाइलवर डॉक्टर शोधू लागला. पहिली वेळ मिळाली ती रविवारी सकाळी साडेअकराची. सूनबाईच्या हाताला कापरे सुटले होते. मी तिला पुड्यांची आठवण करून दिली. त्या फ्रिजवरच्या टोपलीत, विजेच्या बिलांखाली होत्या. तिने लिटरची बाटली मोजून पाणी उकळून निववले, पुडी घातली, आणि विचारले, "बाबा, तुम्ही पाजता का? माझ्या हातून सांडेल."

वाटी आणि चमचा मी घेतला. आधी त्याने तोंड फिरवले. मग एक चमचा गिळला, मग दुसरा. बाराच्या सुमाराला पुन्हा ओकला. मी घड्याळाकडे पाहत दहा मिनिटे थांबलो आणि पुन्हा चमचा भरला. मुलगा गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच बसला होता, डोळे खोल गेले की निघायचे म्हणून. दर अर्ध्या तासाने आम्ही तिघेही दिव्याखाली त्याचे डोळे पाहत होतो. दोन वाजता जुलाबांचे अंतर वाढले. तीनला तो झोपला, पण झोपेतही चमचा ओठांना लागला की तोंड उघडी. सूनबाई म्हणाली, आता मी बसते. मी नको म्हटले.

पाचच्या सुमाराला त्याने माझ्या मांडीवर लघवी केली. सूनबाई ओशाळून धावत आली, "बाबा, उठा, लेंगा बदलून घ्या." मी म्हटले, असू दे, आणि तसाच बसून राहिलो.